५३-एन क्रमांकाची बाटली

परळच्या जुन्या राजभवनातील हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार होत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी ती १०७ जणांना टोचली गेली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळवर आला; हाफकिन यांना पद गमवावे लागले.

चौकशीतील साक्षीनुसार, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव लाभले.

आज सुई हाती घेणाऱ्या परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी धडा हाच: हातून काही निसटले, तर तिथेच थांबून सांगावे.