शिळे आणि शिल्लक

बोरी नदीच्या काठी वसलेल्या अमळनेरचा लौकिक सखाराम महाराजांच्या वैशाखातील यात्रेचा, प्रताप शेठजींच्या गिरणीचा व तत्त्वज्ञान मंदिराचा आणि १९२४ ते १९३० या काळात तेथील शाळेत शिकविणाऱ्या साने गुरुजींचा. परंतु ज्या चुलींवर ही यात्रा जेवली आणि ते विद्यार्थी वाढले, त्या चुलींचा वृत्तान्त कोणत्याही दफ्तरात दाखल नाही, आणि तो शोधू जाणाऱ्याच्या हाती पुरावा म्हणून लागतात ते काही शब्द.

त्यांतला पहिला 'कळणा'. उडीद जात्यावर भरडला म्हणजे डाळ निराळी होते व मागे टरफले, चुरा आणि फुटके कण उरतात, हा कळणा. अहिराणी जिभेने ळकाराचा यकार करून त्याला 'कयना' म्हटले, ज्वारीच्या पिठात मिसळून त्याची भाकरी थापली, आणि मराठी भाषेने 'कळणाकोंडा' हा शब्द दारिद्र्याच्या खाती टाकला असला तरी खानदेशाने मात्र ती भाकरी वांग्याच्या भरिताशेजारी मानाने वाढली. कुरडयांसाठी भिजविलेल्या गव्हाचा चीक काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यात तिखटमीठ पडून त्याच्या भुसवड्या उन्हात वाळू लागत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरण शिजविताना निथळलेले डाळीचे पाणी रशीत, म्हणजे पातळ आमटीत, जाई. रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून ताकात वा फोडणीत पडे. मुलकी जमाखर्चात आदल्या दिवसाची अखेरची शिल्लक दुसऱ्या दिवसाच्या आरंभी जमेस धरण्याचा जो शिरस्ता, तोच या चुलींपुढच्या निरक्षर कारभारिणींनी पाळला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांतून गेलेल्या मुलखाला त्याचे कारण निराळे सांगावे लागत नव्हते. अर्थात या काटकसरीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल : ताजे कोणी खावे व शिळे कोणी संपवावे याचीही एक अलिखित जमाबंदी होती, आणि तिच्यात सर्वांत जड आकारणी घरच्या सुनेवर होई.

पुढे याच गावात उरलेल्याला जमेस धरण्याचा हा व्यवहार फार मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळाला. एम. एच. हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हा वनस्पती तुपाचा कारखाना स्थापिला, आज जगभर विप्रो या नावाने ओळखली जाणारी कंपनी ती हीच. भुईमूग गाळला की तेल निघते व पेंड उरते. ती गुरांच्या गव्हाणीत जाते. तेल शुद्ध करताना तळाशी जो साका राहतो त्याचे मात्र गुरांनाही काही करता येत नाही. पण त्यात कॉस्टिक सोडा घातला की साबण होतो, आणि या कारखान्याने तेलाच्या अशाच दुय्यम उत्पन्नातून '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबण बाजारात आणला. भुसवड्या घालणाऱ्या गृहिणीला हे रसायनशास्त्र समजावून सांगावे लागले असते, त्यामागचा हिशेब नव्हे.

इकडे घराघरांतले जाते गेले, डाळ दुकानातून निवडून-पाखडून येऊ लागली, आणि घरात भरडणेच होईना तेव्हा कळणा उरणार कोठून? म्हणून आता खानदेशी बिऱ्हाडांत, मग ती अमळनेरात असोत की पुण्यात, ज्वारीत सबंध उडीद मुद्दाम विकत आणून मिसळतात, चवीला मीठ टाकतात, गिरणीतून ते दळून आणतात, आणि त्या पिठाला कळण्याचे पीठ म्हणतात.