एका पंख्याची पंचेचाळीस वर्षे

गाजलेल्या जुन्या मोटारीवरून नवी मोटार बेतायची आणि ती मोजक्याच संख्येने काढायची, ही गेल्या काही वर्षांत युरोपातील मोटारधंद्याची रीतच झाली आहे. या मोटारींविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्यांचा वेग आणि किंमत यांभोवती फिरते. यंत्रांच्या इतिहासाचा अभ्यास करताना मला मात्र त्यांत एक जुनाच प्रश्न दिसतो. वारसा म्हणजे नेमके काय? जुन्या वस्तूचा आकार, की तो आकार ज्यातून आला तो विचार? या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे 2020 आणि 2021 या लागोपाठच्या वर्षांत पुढे आली.

त्यांतले दुसरे उत्तर आधी पाहू. 1971 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने काउंटाश ही मोटार दाखवली. पावलो स्तान्झानी या अभियंत्याने इंजिन लांबीच्या दिशेने ठेवून गिअरबॉक्स पुढे, दोन आसनांच्या मध्ये आणला होता. त्या रचनेवर मार्चेल्लो गांदिनीने पाचरीसारखे अंग चढवले. पन्नास वर्षांनी, 2021 मध्ये, कंपनीने त्याच नावाच्या 112 मोटारी काढल्या. चेहरामोहरा ओळखीचा होता, पण आतली यंत्रणा कंपनीच्याच सियान या मोटारीवर आधारलेली होती. ती साडेसहा लिटरच्या बारा सिलिंडरी इंजिनाला सुपरकपॅसिटरवर चालणारी छोटी विद्युत मोटर जोडलेली यंत्रणा होय. मोटारीचे कोरडे वजन 1,595 किलो होते. गांदिनी तेव्हा हयात होता. या मोटारीशी आपला संबंध नाही आणि जुन्याची पुनरावृत्ती आपल्या कामाच्या मूळ तत्त्वाविरुद्ध आहे, असे त्याने जाहीर केले.

पहिले उत्तर इंग्लंडमधले, गॉर्डन मरे याचे. मरे मूळचा दक्षिण आफ्रिकेतील दर्बानचा. 1992 मध्ये जगापुढे आलेली मॅक्लारेन एफ-वन ही त्याची कल्पना. चालकाचे आसन मधोमध आणि दोन प्रवासी त्याच्या दोन बाजूंना, किंचित मागे. सांगाडा कार्बन तंतूंचा, इंजिन बीएमडब्ल्यूचे 6.1 लिटरचे, वजन सुमारे 1,140 किलो. सर्व प्रकार धरून अवघ्या 106 मोटारी झाल्या. 1998 मध्ये तिने ताशी 386 किलोमीटरचा वेग गाठला. तो टर्बोविना गाठलेला होता, म्हणून आजही त्याचे कौतुक होते. ऑगस्ट 2020 मध्ये मरेने टी-50 ही नवी मोटार जाहीर केली आणि ती फक्त 100 ग्राहकांसाठी असेल असे सांगितले. तिचे मधले आसन एफ-वनकडून आले. पण तिच्या पाठीवरचा 400 मिलिमीटरचा पंखा त्याहून जुना आहे. त्याचा माग काढायला 1978 सालात जावे लागते.

त्या वर्षी मरे ब्रॅबहॅम या शर्यतसंघाचा रचनाकार होता. लोटसच्या मोटारींचा तळ उलट्या विमानपंखासारखा घडवलेला होता. त्याखाली हवेचा दाब घटे आणि मोटार रस्त्याला चिकटून वळे. ब्रॅबहॅमचे अल्फा रोमिओ इंजिन आडवे, पसरट होते. तसा तळ करायला जागाच उरत नव्हती. मरेने इंजिनावर रेडिएटर आडवा टाकला, मागे मोठा पंखा बसवला आणि तळाच्या कडांना झालरी लावल्या. पंखा रेडिएटरमधून हवा ओढे, तशी तळाखालचीही उपसे. हवेचा दाब वापरणारे हलते भाग नियमाने वर्ज्य होते. पण पंख्याचे मुख्य काम इंजिन थंड ठेवण्याचे आहे, असा संघाचा दावा होता. 17 जून रोजी स्वीडनमधील अँडरस्टॉर्पला निकी लाउडा या मोटारीने अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतराने जिंकला. इतर संघांनी गदारोळ केला, संघाचा मालक बर्नी एकलस्टन याने मोटार मागे घेतली आणि पुढे अशा पंख्यांवर बंदी आली. निकाल कायम राहिला, पण ती मोटार पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही.

टी-50 चा पंखा म्हणजे त्या पंख्याची नक्कल, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. कामाच्या तत्त्वात मात्र फरक आहे. मोटारीच्या तळाचा मागचा भाग वर चढत नेला, की त्याखालची हवा पसरते आणि त्याच्या पुढच्या तळाखाली दाब कमी होतो. या चढाला डिफ्युझर म्हणतात. चढ जितका तीव्र तितका परिणाम मोठा. पण एका मर्यादेपलीकडे पृष्ठभागालगतचा मंदावलेला हवेचा पातळ थर सुटतो, भोवरे उठतात आणि सारा लाभ जातो. टी-50 मध्ये पंखा फटींतून नेमका हाच थर शोषून घेतो, त्यामुळे एरवी निरुपयोगी ठरणारा तीव्र चढही कामी येतो. झालरींची गरज उरत नाही. एफ-वनच्या मागच्या भागातही दोन छोटे पंखे याच हेतूने होते. म्हणजे 1978 ची कल्पना 1992 मध्ये सौम्य झाली आणि 2020 मध्ये प्रौढ होऊन परतली. जोराने ब्रेक दाबल्यास पंखा आणि मागच्या झडपा मिळून मोटारीला खाली दाबणारा जोर दुप्पट करतात. कंपनीच्या आकड्यांनुसार ताशी 240 किलोमीटरवरून थांबताना सुमारे दहा मीटर वाचतात.

उरलेली रचनाही याच न्यायाने झाली. कॉसवर्थचे 3.9 लिटरचे बारा सिलिंडरी इंजिन अवघे 178 किलोंचे आणि मिनिटाला 12,100 फेऱ्या घेणारे आहे. टर्बो नाही. हाताने टाकायचे सहा गिअर आहेत. मोटारीचे वजन एक हजार किलोंच्या आत आहे. जुन्याचे दोष मात्र जपले नाहीत. एफ-वनचे मंद दिवे आणि दुबळी वातानुकूलन यंत्रणा मरेला स्वतःलाच खटकत असत. ती इथे सुधारली.

मला या साऱ्यात मोलाचे वाटते ते हे, की मरेने स्वतःच्या कीर्तीचा पुतळा उभारला नाही. अर्धवट राहिलेला एक युक्तिवाद त्याने पुढे नेला. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. करांखेरीज 23 लाख 60 हजार पौंड मोजणारे शंभर जण मिळाले, म्हणूनच हा युक्तिवाद पूर्ण होऊ शकला. हलकेपणा हा खरे तर इंधन आणि धातू वाचवणारा, काटकसरीचा गुण. रोजच्या वापरातल्या मोटारी वर्षागणिक जड होत असताना तो जिवापाड जपला गेला तो अतिश्रीमंतांच्या गॅरेजांत. 2023 पासून या मोटारी ग्राहकांच्या हाती जाऊ लागल्या. एका शर्यतीपुरता जगलेला पंखा पंचेचाळीस वर्षांनी रस्त्यावर आला. त्यामागचा काटकसरीचा विचार साध्या मोटारीपर्यंत अजून पोचायचा आहे.