पाच इंचांचं तोंड आणि अर्धा गुंठा

पावसाळ्यात कर्जतला उतरून भिवपुरी, कोंदिवडे नाहीतर चौकच्या बाजूला भटकलेल्या कुणालाही एक अनुभव असतो. स्टेशनवर रिमझिम, डोंगराच्या पायथ्याशी धो धो, आणि पठारावर पोचावं तर पाऊस गायब. दुसऱ्या दिवशी पेपरात मात्र 'कर्जत तालुका' असं लिहून समोर एकच आकडा छापलेला असतो. एका अख्ख्या तालुक्याला एक आकडा! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असं काही दिसलं की पहिला प्रश्न येतो, हे सरासरी काढून आलंय की एकाच ठिकाणाहून उचललंय? तोच प्रश्न घेऊन गेले काही शनिवार-रविवार वाचत बसलो होतो. पावसापासून सुरुवात केली, भातावर पोचलो आणि शेवटी इर्शाळवाडीला येऊन थांबलो. तो प्रवास इथे लिहून ठेवतो.

आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून वापरात असलेल्या सायमन्स पर्जन्यमापकाचं तोंड पाच इंच व्यासाचं असतं. खाली बाटली. रोज सकाळी साडेआठला कुणीतरी जाऊन बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओततो आणि वहीत लिहितो. आता जरा हिशोब करा. पाच इंच व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण १२७ चौरस सेंटिमीटर. एक चौरस किलोमीटर म्हणजे अशी जवळजवळ आठ कोटी तोंडं. म्हणजे नुसत्या एका चौरस किलोमीटरवरच्या पावसाबद्दल बोलायचं तरी आपण आठ कोटींतल्या एकाला विचारून बाकीच्यांचं मत जाहीर करतो. बाटलीतलं पाणी हे मोजमाप. उरलेल्या सगळ्यांनाही तितकंच पाणी मिळालं असं धरणं, हे मॉडेल. आपण दोन्हीला मिळून 'पाऊस मोजला' म्हणतो.

सपाट प्रदेशात हे बऱ्यापैकी चालून जातं. सह्याद्रीच्या कडेवर नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून रेल्वेने सव्वा-दीड तासावरच्या पुण्याला सातशेच्या आसपास. ह्या उतरत्या आकड्यांवर शंभरेक वर्षांपूर्वी कोट्यवधी रुपये लागले होते. टाटांची खोपोलीची वीज! लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी अडवायचं, ते नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खालापूर तालुक्यात खोपोलीला आणून टर्बाइनवर सोडायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. धरणाची कोनशिला १९११ साली बसली, खोपोलीचं केंद्र १९१५ साली सुरू झालं. गिरण्या बारा महिने चालणार, पाऊस चार महिने. तेव्हा खरा प्रश्न 'सरासरी पाऊस किती' हा नव्हताच. वाईटात वाईट वर्षी किती पाणी जमेल, आणि तेही पाणलोटात, जिथे पर्जन्यमापक आहे तिथे नव्हे, असा तो प्रश्न होता. कडेवरचा आकडा सगळ्या पाणलोटाला लावला तर धरण कागदावर भरतं, प्रत्यक्षात नाही.

योगायोग बघा. त्याच १९११ साली अमेरिकेत आल्फ्रेड थीसेन नावाच्या हवामानतज्ज्ञाने एक छोटा लेख लिहिला. मोठ्या प्रदेशाचा सरासरी पाऊस काढायचा असेल तर नकाशावरचा प्रत्येक बिंदू त्याच्या सगळ्यात जवळच्या पर्जन्यमापकाला देऊन टाका, प्रत्येकाच्या वाट्याला एक बहुभुज येईल, त्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे वजन द्या. कॉम्प्युटरवाल्यांना हेच वोरोनॉयच्या नावाने माहीत आहे (वोरोनॉयचं गणित १९०८ चं). पद्धत सोपी, शाळकरी पोरालाही पट्टी-पेन्सिल घेऊन जमेल अशी. पण तिला डोंगर दिसत नाही. घाटमाथा आणि तळकोकण यांच्यात दीड-दोन हजार फुटांची भिंत आहे हे त्या बहुभुजाच्या गावीही नसतं.

पुढे दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रीग ह्या खाण अभियंत्याने १९५१ च्या सुमारास सोन्याच्या खाणींत हाच प्रश्न हाताळला. भोकं पाडून थोडे नमुने काढायचे आणि मधल्या दगडात सोनं किती ते सांगायचं. जवळजवळचे नमुने एकमेकांसारखे असतात, पण किती अंतरापर्यंत, हे आधी आकड्यांवरूनच शोधा आणि मग वजनं ठरवा, ही त्यामागची युक्ती. तिला गणिती बैठक देणाऱ्या फ्रेंच माणसाचं नाव जॉर्ज माथरॉन. माथेरानच्या पायथ्याशी बसून हे वाचताना मला उगाचच हसू आलं. पण ह्या पद्धतीचा खरा फायदा असा की ती अंदाजासोबत 'मला इथे किती कमी कळतंय' तेही सांगते. जिथे नमुने विरळ, तिथे अनिश्चितता जास्त. पेपरातला तालुक्याचा आकडा हे कधीच सांगत नाही.

आणि सांगायला हवं. २६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. दोन्ही मापं बरोबर होती. कुलाब्याची बाटली एकटीच असती तर हवामानखात्याच्या वहीत तो एक साधा पावसाळी दिवस ठरला असता. त्याच पावसात माथेरानच्या छोट्या गाडीचा मार्ग वाहून गेला, तो २००७ साली परत सुरू झाला.

आता भाताकडे. खोपोलीपाठोपाठ टाटांचं भिवपुरीचं केंद्र १९२२ साली सुरू झालं, ते कर्जत तालुक्यात. तिथल्या टर्बाइनमधून बाहेर पडणारं पाणी राजनाल्याच्या कालव्याने शेतात जातं आणि त्यावर उन्हाळी भात पिकतो. म्हणजे गिरण्यांसाठी मोजलेला पाऊस शेवटी खाचरात येतो. पण एका खाचराला हे पाणी मिळतं, आणि वरच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरी करणाऱ्या ठाकर-कातकऱ्याच्या शेताला आकाशाशिवाय काही नाही. दोन्ही एकाच तालुक्यात. आता सांगा, 'कर्जतला यंदा पीक किती आलं'?

जुनं उत्तर होतं आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, मग तलाठ्याने शेतावर नजर टाकून सांगायचं, यंदा दहा आणे, यंदा आठ. (आपल्या जुन्या जमीनमोजणीत गुंठ्याचेही सोळा आणेच होते. आण्याने सगळंच मोजायचो आपण.) १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पण महत्त्व तेच राहिलं. ५० पैशांच्या आत पैसेवारी आली तर टंचाईच्या सवलती, शेतसाऱ्यात सूट, परीक्षा फी माफ. ५१ आली तर काही नाही. त्यामुळे 'सोळा आणे' म्हणजे नक्की किती, हा वादाचा मुद्दा शंभर वर्षं तसाच होता. नजरेला शून्य कुठे आहे तेच ठरलेलं नव्हतं.

नजरेऐवजी विळा वापरायची सुरुवात आपल्या देशात जॉन हबॅक ह्या आयसीएस अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात केली. ध्यानीमनी नसलेली जागा निवडायची, तेवढाच तुकडा कापायचा, झोडपायचा, तोलायचा. पुढे ह्यावर दोन मोठ्या माणसांत जोरदार जुंपली. एकीकडे कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस, दुसरीकडे आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११ चा (पुन्हा तेच साल!), फर्ग्युसनचे विद्यार्थी, मग लंडनला नेमन आणि पिअर्सनच्या हाताखाली शिकलेले. १९४० पासून ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते.

भांडण वरवर पाहता हास्यास्पद आहे: किती मोठा तुकडा कापायचा? महालनोबिसांचं म्हणणं, छोटी वर्तुळं कापा, पण खूप शेतांत कापा. एकाच शेतातले शेजारचे कोपरे एकमेकांसारखेच असतात, तिथे जास्त कापून नवीन काही कळत नाही. गणित अगदी चोख. सुखात्मे म्हणत होते, मोठा आयत कापा. ३३ फूट लांब, साडेसोळा फूट रुंद. आपल्या भाषेत बरोबर अर्धा गुंठा.

का? तर कडेमुळे. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ आखलं, तर कडेवर उभी असलेली रोपं आत की बाहेर? कापणारा माणूस बेईमान नसतो, पण शंका आली की हात रोप आतच घेतो. मी वहीवर करून पाहिलं. समजा कड सगळीकडून तीन इंच बाहेर सरकली. भाताच्या दोन चुडांमधल्या अंतराच्या निम्म्याइतकीच. वर्तुळाचं क्षेत्रफळ २७ टक्क्यांनी वाढतं. अर्ध्या गुंठ्याचं साडेचार टक्क्यांच्या आसपास. आणि ही चूक सगळीकडे एकाच दिशेने होते, त्यामुळे हजार वर्तुळं कापली तरी सरासरी काढून ती जात नाही. नमुने वाढवले की आपण चुकीच्या उत्तराबद्दल जास्त ठाम होतो, एवढंच. सुखात्म्यांनी शेतावर प्रयोग करून दाखवलं की छोटे तुकडे उत्पन्न फुगवून सांगतात, आणि १९४६ साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. महालनोबिसांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. त्यांनी ह्या कामासाठी खास तयार केलेली माणसं वापरली, आणि अशा हातांनी चूक बरीच कमी होऊ शकते. सुखात्म्यांना मात्र काम करून घ्यायचं होतं ते शेतीखात्याच्या आणि महसूलखात्याच्या नेहमीच्या नोकरांकडून. माझं मत विचाराल तर मी सुखात्म्यांच्या बाजूचा. विळा कुणाच्या हातात आहे हे मॉडेलमध्ये धरलेलं नसेल तर ते मॉडेल अर्धवट. सरकारी पीक कापणी प्रयोग आजही त्याच वळणाचा आहे: रँडम आकडे घ्यायचे, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून मोजत जायचं, आयत आखायचा, कापायचं.

सुखात्मे १९५१ साली रोमला अन्न आणि कृषी संघटनेत गेले. विषय मात्र आणखी एका सातारकराने पुढे नेला. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकरांनी १९७६ साली मांडलं की पीकविमा एकेका शेतकऱ्याच्या शेताप्रमाणे नको, प्रदेशाप्रमाणे असावा. प्रदेशात नमुन्याची कापणी करा, सरासरी उंबरठ्याखाली गेली तर सगळ्यांना भरपाई. प्रत्येक शेत तपासायचा खर्च वाचतो, आणि मुद्दाम पीक बुडवून पैसे काढायचा मोहही राहत नाही. मला हा युक्तिवाद आजही आवडतो. फक्त त्यात एक अट आहे: प्रदेश एकजिनसी हवा. आज आपल्याकडे महसूल मंडळामागे साधारण दहा कापण्या होतात. विदर्भातल्या काळ्या सपाट रानात त्या ठीक. पण जिथे एकाच मंडळात राजनाल्याचं खाचर, उल्हासच्या पुराखाली जाणारी शेतं आणि डोंगरउतारावरची वरकस येते, तिथे दहा अर्ध्या गुंठ्यांनी उतारावरच्या माणसाचं नुकसान दिसतच नाही. खाचरं ठीक पिकली तर सरासरी ठीक. तो त्या आकड्यात आहे, पण आकडा त्याचा नाही.

असाच उतारावरचा माणूस १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात गाडला गेला. चौकजवळ इर्शाळगडाच्या अंगावर असलेली इर्शाळवाडी, ठाकरांची वस्ती. दरड रात्री आली, लोक झोपेत. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला. नंतर सांगितलं गेलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

यादी कशी होते? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडींचा राष्ट्रीय नकाशा-कार्यक्रम २०१४ पासूनचा. माळीण झालं तेच साल. उतार किती, खडक कुठला, माती किती खोल, वर झाडं की शेत, जुन्या दरडी कुठे, ह्यांना वजनं देऊन नकाशा रंगवायचा. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. पन्नासेक घरांची वाडी त्या नकाशावर दोन-तीन मिलिमीटर भरेल, जेमतेम तांदळाचा अर्धा दाणा. असा नकाशा तालुक्याचं नियोजन करायला उपयोगी आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तो 'प्रवण, मध्यम, कमी' असे रंग देतो, आणि सरकारी यादीला हवं असतं 'आहे' की 'नाही'. रंगाचं होय-नाही करताना जी रेघ ओढावी लागते, ती पैसेवारीच्या पन्नाससारखीच. फरक इतकाच की ५१ पैशांच्या शेतकऱ्याची सवलत जाते.

इशारा द्यायचा तर त्या उतारावर त्या रात्री तासाला किती पाऊस पडतोय ते कळायला हवं. 'महावेध'खाली राज्यात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत, बाटलीच्या मानाने ही मोठीच मजल. पण पर्जन्यमापक कुठे बसवायचा ह्याचे नियम जुनेच आहेत आणि बरोबरही आहेत: मोकळी, सपाट जागा, आणि जवळच्या झाडा-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर. वाऱ्याने आणि आडोशाने माप बिघडू नये म्हणून. हे नियम पाळले की उपकरण आपोआप खालच्या सपाटीवर, रस्त्याकडेला, कचेरीच्या आवारात जातं. कड्याखालची वाडी ह्या नियमात बसत नाही.