वर्तुळाचे सात भाग

विहिरीवरच्या लोखंडी पाइपाचे दोन तुकडे जोडणारी गोल चकती आपण सर्वांनी पाहिलेली असते. कारागीर तिला फ्लँज म्हणतात. तिच्या कडेने सारख्या अंतरावर भोके असतात. एक भोक जरी सरकले तरी ते समोरच्या चकतीशी जुळत नाही. ओढूनताणून बोल्ट घातला तर गॅस्केट एकाच बाजूला दबते आणि पाणी गळू लागते.

सहा भोके पाडणे सोपे असते. डिव्हायडरने वर्तुळ आखावे आणि त्याचे तोंड तसेच ठेवून परिघावर पावले टाकावीत. सहावे पाऊल नेमके पहिल्या खुणेवर येते. मग खुणांवर पंच मारून ड्रिल लावावे. परंतु पाच किंवा सात भोके हवी असतील तर? तेथे अंदाज चालत नाही. प्रत्येक पावलातली बारीक चूक साठत जाते आणि शेवटच्या भोकाशी उघडी पडते.

वर्तुळाचे समान भाग करण्याचा हा प्रश्न फार जुना आहे. अस्तरलाब बनवणाऱ्या उस्तादांना पितळी चकतीवर ३६० अंश कोरावे लागत. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा बूजजानी (जन्म ९४०) यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कंपासचे तोंड न बदलता आकृत्या कशा काढाव्यात, हे त्यात आहे. सात भागांसाठी त्यांनी दिलेली युक्ती अशी : त्याच वर्तुळात समभुज त्रिकोण काढा आणि त्याच्या बाजूचे निम्मे अंतर घ्या. १२० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर हे अंतर ५१.९६ मिलिमीटर येते. खरे अंतर ५२.०६६ आहे. सात पावलांत पाऊण मिलिमीटरहून थोडी अधिक चूक साठते. लाकडाला हे चालेल, घट्ट बसणाऱ्या बोल्टला नाही.

याहून अचूक उत्तर आपल्या शेजारी होते. नाशिकला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालच्या दानाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. वर्तुळात बसणाऱ्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या आकृत्यांच्या बाजू काढण्यासाठी त्यांनी सात संख्या दिल्या. व्यासाला त्या संख्येने गुणायचे आणि १,२०,००० ने भागायचे. पाच भागांसाठी ७०,५३४, सहासाठी ६०,०००, सातासाठी ५२,०५५. आपल्या चकतीवर सातासाठी अंतर ५२.०५५ मिलिमीटर येते. सात पावलांची मिळून चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही होत नाही! आज वर्कशॉपच्या भिंतीवर जो तक्ता लावलेला असतो, त्याचेच हे साडेआठशे वर्षांपूर्वीचे रूप होय.

अकबराच्या हुकुमावरून फैजी यांनी १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत आणली. त्याआधी आठशे वर्षे या देशाची 'ज्या' बगदादला पोहोचली होती. तिची 'जीवा' अरबीत 'जीबा' झाली. लिहिताना स्वर गळाले आणि वाचणाऱ्यांनी तिला 'जैब' केले. लॅटिनमध्ये तिचे 'सायनस' झाले आणि तेथून आपल्या पाठ्यपुस्तकात 'साइन' आले. उर्दूच्या परिभाषेत तो शब्द अजून 'जैब'च आहे. या प्रवासातला कोणता टप्पा हिंदूंचा आणि कोणता मुसलमानांचा, याची वाटणी कोणी करू पाहील तर त्याच्या हाती काय लागेल? अर्धी चकती!

मला दुसरीच वाटणी अधिक बोचते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार सहा ते चौदा वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच गळाली होती. त्यांतली कितीतरी मुले गॅरेजात आणि लेथवर गेली. त्यांच्या हातात हुनर आहे, पण त्यामागचे गणित त्यांना कोणी सांगितले नाही. आणि शाळेत राहिलेल्यांनी गणित पाठ केले, पण पंच कधी हाती धरला नाही. अबुल वफांनी दोघांनाही बोल लावला होता : कारागीर डोळ्याला बरोबर दिसले की समाधान मानतो आणि भूमितिज्ञाला सिद्धता येते, पण काम जमत नाही.

हजार वर्षांनंतरही तो बोल आपल्याला लागू पडतो. वर्तुळाचा धडा शिकवताना शिक्षकाने टेबलावर एक फ्लँज ठेवायला काय हरकत आहे? आणि कामावर गेलेल्या मुलाला उस्तादाने एवढे तरी सांगावे, की तू डिव्हायडरने जी पावले टाकतोस, तीच शाळेत राहिलेल्या तुझ्या दोस्ताच्या पुस्तकात 'साइन' या नावाने छापलेली आहेत.