चेहऱ्याच्या कळेचा शोध

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 12 जोड्यांपैकी पाचवी म्हणजे ट्रायजेमिनल. तिच्या तीन शाखा कपाळ व डोळा, गाल आणि खालचा जबडा यांच्या संवेदना मेंदूकडे नेतात. याच मज्जातंतूच्या विकारात दात घासताना, घास चावताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच चेहऱ्याच्या एका बाजूला विजेच्या धक्क्यासारखी कळ उठते आणि काही क्षणांत ओसरते. फ्रेंच शल्यचिकित्सक निकोला आंद्रे यांनी 1756 मध्ये आणि लंडनचे जॉन फॉदरगिल यांनी 1773 मध्ये या विकाराची स्पष्ट वर्णने केली.

आंद्रे यांनी दोष मज्जातंतूत आहे हे ओळखून डोळ्याच्या खोबणीखाली बाहेर पडणारी शाखा दाहक द्रव्याने जाळली. त्यांची दिशा बरोबर होती. परंतु चेहऱ्यावरील कोणता मज्जातंतू काय करतो हेच तेव्हा ठाऊक नसल्यामुळे, पुढे काही शल्यचिकित्सकांनी कळ थांबवण्यासाठी चक्क सातवा मज्जातंतू कापला. त्या रुग्णांची वेदना तशीच राहिली आणि वर अर्धा चेहरा लुळा पडला. सातवा मज्जातंतू हालचालींचा आणि पाचवा प्रामुख्याने संवेदनेचा, हा भेद 1821 पासून चार्ल्स बेल व हर्बर्ट मेयो यांच्या प्रयोगांतून प्रस्थापित झाला, तेव्हा कुठे ही हानी थांबण्याची शक्यता निर्माण झाली.

तरीही चेहऱ्यात कापलेली शाखा पुन्हा वाढे आणि कळ परत येई. म्हणून शल्यचिकित्सक मुळाकडे, कवटीच्या आत वळले. लंडनच्या विल्यम रोझ यांनी 1890 मध्ये तिन्ही शाखा जिथे एकत्र येतात ती गॅसेरियन गाठ काढण्याचा प्रयत्न केला. 1892 मध्ये न्यूयॉर्कचे फ्रँक हार्टली व जर्मनीतील फेडोर क्राउझे यांनी कानशिलातून मार्ग काढला, पण त्यात रक्तस्राव फार होई. गाठ गेली की डोळ्याचे बुबुळही बधिर होऊन त्यावर व्रण पडत व दृष्टी धोक्यात येई. फिलाडेल्फियात विल्यम स्पिलर यांच्या सूचनेवरून चार्ल्स फ्रेझियर यांनी 1901 मध्ये गाठीऐवजी तिच्यामागील मूळ कापले, आणि कालांतराने डोळ्याकडे जाणारे तंतू वगळण्याची पद्धत रूढ झाली. वेदनेइतकीच रुग्णाच्या डोळ्याचीही काळजी वाहणारा हा बदल विशेष मोलाचा मानला पाहिजे.

बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी कानामागून, लहान मेंदूच्या बाजूने शिरत असल्यामुळे मूळ मेंदूतून निघते ती जागाच त्यांच्या दृष्टीस पडे. 1934 मध्ये 215 रुग्णांविषयी लिहिताना त्यांनी नोंदवले की, सुमारे 30 टक्के रुग्णांमध्ये एक धमनी मज्जातंतूला टेकलेली होती आणि हेच कळेचे कारण असावे. समकालीनांना हे पटले नाही, कारण त्या खोल, अंधाऱ्या पोकळीत इतरांना तसे सहज दिसत नव्हते. 1959 मध्ये क्लीव्हलंडच्या जेम्स गार्डनर यांनी धमनी व मज्जातंतू यांच्यामध्ये स्पंज ठेवून पाहिला. पण निर्णायक पुरावा पीटर जॅनेटा यांनी शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मिळवला व 1967 मध्ये प्रसिद्ध केला. धमनीच्या सततच्या ठोक्यांनी तंतूंवरील मायलिन हे आवरण झिजते आणि स्पर्शाचा संदेश शेजारच्या वेदनावाही तंतूत उतरतो, अशी त्यामागची उपपत्ती आहे. धमनी अलगद दूर करून मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवला की मज्जातंतू न कापताच कळ थांबते. जॅनेटा यांच्या गटाने 1996 मध्ये 1185 रुग्णांचा अभ्यास मांडला, त्यात दहा वर्षांनंतरही सुमारे 70 टक्के रुग्ण औषधाविना वेदनामुक्त होते.

दरम्यान 1962 मध्ये कार्बामाझेपिन या आकडीवरील औषधाचा गुण लक्षात आला आणि आज उपचाराची सुरुवात त्यानेच होते. वृद्ध किंवा अशक्त रुग्णांसाठी गालातून सुई नेऊन गाठीतील तंतू उष्णतेने निकामी करणे, किंवा स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी आरंभलेल्या पद्धतीने मुळावर किरणांचा झोत रोखणे, हे विनाशाचे जुने मार्गही सौम्य रूपात टिकून आहेत. शिवाय एमआरआय चित्रांत कळ नसलेल्या माणसांमध्येही धमनी मज्जातंतूला टेकलेली आढळते, तर काही रुग्णांमध्ये ती आढळतच नाही. त्यामुळे केवळ स्पर्श पुरेसा की मज्जातंतूची झीज व विस्थापन आवश्यक, याचा शोध अजून चालू आहे.