पर्पेतुआची अपुरी रोजनिशी

श्रद्धेविषयी निर्भयपणे बोलणे म्हटले की डोळ्यांपुढे सहसा व्यासपीठ येते, वक्ता येतो, खंडनमंडन येते. ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळातील एका लहानशा लॅटिन ग्रंथात मात्र यांपैकी काहीच नाही. त्यात तुरुंगाची अंधारकोठडी आहे आणि अंगावर पिणारे मूल असलेली सुमारे बावीस वर्षांची एक आई आहे.

ती विबिया पर्पेतुआ. रोमन साम्राज्याच्या आफ्रिका प्रांतातील प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित विवाहिता. सेप्टिमिअस सेव्हेरसच्या कारकिर्दीत, इ. स. 203 मध्ये, तिला कार्थेज येथे बंदीवासात ठेवण्यात आले. सोबत्यांत फेलिसितास आणि रेवोकातुस हे गुलामही होते. यांपैकी कोणी उपदेशक नव्हते. बाप्तिस्म्याची तयारी करणारे ते नवखे श्रद्धावंत होते. त्यांचा शिक्षक सातुरुस अटकेच्या वेळी तेथे नव्हता. तो मागाहून आपण होऊन स्वाधीन झाला. तुरुंगात पर्पेतुआने स्वतःची हकीकत लिहिली आणि एका अज्ञात संपादकाने तिला प्रस्तावना व शेवट जोडला. ख्रिस्ती स्त्रीच्या हातच्या आज उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या लेखनांत तिची गणना होते.

या लेखनात पर्पेतुआ आपली भीती लपवीत नाही. कोठडीतील काळोखाने ती हादरते. बाळाच्या काळजीने व्याकूळ होते. वडील तिला पुनःपुन्हा भेटतात, धर्म सोडण्याविषयी विनवतात. ती जवळच्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारते, याला याच्या नावावाचून दुसरे काही म्हणता येईल का? नाही, असे वडील उत्तरतात. तर मग मलाही मी जी आहे त्याहून वेगळे म्हणवून घेता येणार नाही, असा तिचा युक्तिवाद. शेवटी सांगायचे ते एवढेच, की मी ख्रिस्ती आहे. न्यायासनावरील हिलारिआनुससमोरही ती हेच सांगते. तेथे वृद्ध पित्याला छडीचा मार बसतो, तेव्हा तो आपल्यालाच बसल्यासारखे दुःख तिला होते.

हा प्रसंग वाचताना आम्ही दर वेळी अडखळतो. पित्याची व्यथा खरी आहे, बाळाचे पोरकेपणही खरे आहे. आमच्यातील काहींना तिचा निर्णय वंदनीय वाटतो, काहींना असह्य. मात्र तिने ती किंमत झाकून ठेवली नाही, याबद्दल आमच्यात दुमत नाही.

या ग्रंथात श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोहोचते तीही अशीच, गाजावाजा न होता. पुदेन्स नावाचा तुरुंगाधिकारी कैद्यांचे वर्तन पाहून त्यांना मान देऊ लागतो आणि पुढे स्वतः श्रद्धावंत होतो. आठव्या महिन्यात प्रसूत होताना फेलिसितास कण्हते. श्वापदांपुढे तुझे काय होणार, असे एक सेवक हिणवतो. आजच्या वेणा माझ्या मी सोसते आहे, तेव्हा मात्र माझ्यासाठी सोसणारा दुसरा कोणी माझ्यात असेल, या आशयाचे उत्तर ती देते. एका गुलाम स्त्रीचे शब्द इतिहासाने इतक्या आदराने जपून ठेवल्याची उदाहरणे त्या काळात विरळाच.

राजपुत्र गेटाच्या वाढदिवसानिमित्तच्या खेळांत त्यांना आखाड्यात आणले गेले. स्त्रियांना सेरेस देवीच्या पुजारिणींचा वेश चढवण्याचा प्रयत्न झाला; पर्पेतुआने ठाम नकार दिला आणि अधिकाऱ्याला तो मानावा लागला. 7 मार्च हा त्यांचा स्मृतिदिन. पुढे संत ऑगस्टिनने या दिवशी प्रवचने केली.

धैर्य म्हणजे भीतीचा अभाव, ही समजूत या रोजनिशीपुढे टिकत नाही. भीती, वात्सल्य आणि शोक यांच्यासकट स्वतःचे खरे नाव उच्चारणे, हे येथील धैर्य. खेळांच्या आदल्या दिवशी तिचे लेखन थांबते. तिथे काय घडते ते ज्याला हवे त्याने लिहावे, एवढे सांगून ती लेखणी खाली ठेवते. ती कोणीतरी उचलली, म्हणूनच अठराशे वर्षांनंतर तिचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचला.