हिऱ्याचा आकार आणि हिऱ्याची घडण

दुसऱ्या बाजीरावाच्या पराभवानंतर १८१८ मध्ये ‘नासक’ हा हिरा इंग्रजांच्या हाती लागला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर देवस्थानाचा हा हिरा पुढे पेशव्यांच्या जामदारखान्यात आला, असे परंपरा सांगते. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने त्याची त्रिकोणी धाटणी बव्हंशी राखून नवे पैलू पाडले आणि वजन ८० कॅरटांवर आले. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कचे प्रख्यात जवाहीर हॅरी विन्स्टन यांनी त्याला चौकोनी ‘एमराल्ड’ घाट दिला. आज तो ४३.३८ कॅरटांचा आहे. सव्वाशे वर्षांत निम्म्याहून अधिक दगड सहाणेवर गेला, आणि तरीही व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तो पूर्वीपेक्षा सरस ठरला. हिऱ्याला दिलेला प्रत्येक घाट हा वजन आणि तेज यांच्यातला असा सौदा असतो, आणि तो एकदा झाला की मागे घेता येत नाही.

‘कट’ हा एकच शब्द बाजारात दोन अर्थांनी वापरला जातो व त्यातून ग्राहकाची गल्लत होते. गोल, लंबगोल, चौकोनी हा झाला आकार. पैलूंचे कोन, त्यांची परस्पर प्रमाणे आणि समतोल ही झाली घडण. आकार ही आवडीची बाब आहे. हिरा चमकणार की मंद राहणार हे मात्र घडणीवर ठरते.

निसर्गात चांगला हिरा बहुधा अष्टफलकाच्या रूपात सापडतो, म्हणजे तळाशी तळ जोडलेले दोन पिरॅमिड. आपल्या जुन्या रत्नशास्त्रांनी आदर्श हिऱ्याचे वर्णन सहा कोन, आठ फलक आणि बारा धारा असे केले आहे, ते याच स्फटिकाचे. भारतीय परंपरेत या नैसर्गिक रूपाला मान होता. गोवळकोंड्याच्या खाणी पाहणारा फ्रेंच जवाहीर ताव्हेर्निये लिहितो की, दगड निर्दोष असेल तर इथले कारागीर त्याला जेमतेम सहाणेचा स्पर्श करतात, कारण वजन घटण्याची भीती असते. डाग असेल तरच तो झाकण्यासाठी अनेक लहान पैलू पाडतात. औरंगजेबाच्या काळी व्हेनिसच्या होर्तेन्सियो बोर्जियो याने एक प्रचंड हिरा तासताना इतका घटवला की मजुरी मिळण्याऐवजी त्याला दहा हजार रुपये दंड झाला, ही हकीकतही त्याचीच. सोळाव्या-सतराव्या शतकांत दख्खनचे हिरे गोव्याच्या बाजारातून लिस्बनला जात. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात हिऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, ते या व्यापाराच्या भरभराटीतच लिहिले गेले.

जुन्या दागिन्यांत आजही दिसणारे घाट या काटकसरीतून आलेले आहेत. पोलकी म्हणजे जवळजवळ नैसर्गिक रूपातला, चपटा, किंचित झिलई दिलेला हिरा. परब म्हणजे पातळ चकती, जिच्या कडेनेच काही पैलू असतात. ‘टेबल कट’मध्ये स्फटिकाचे टोक कापून वर सपाट चौकोन काढतात, इराणच्या राजरत्नांतला दर्या-ए-नूर हा सुमारे १८२ कॅरटांचा हिरा या घाटाचा. ‘रोझ कट’ खाली सपाट आणि वर घुमटासारखा असून घुमटावर त्रिकोणी पैलू असतात. मॉस्कोच्या क्रेमलिनमधील ओर्लोव्ह हा भारतीय हिरा अद्याप या घुमटाच्या रूपात आहे. या सर्व घाटांत प्रकाश आत जाऊन उसळून परत येण्याची सोय थोडीच असते. म्हणून त्यांच्यामागे बंद कोंदणात चमकदार डांक बसवत.

युरोपात विचार वेगळ्या वाटेने गेला. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे, आतल्या पृष्ठावर लंबाशी साधारण साडेचोवीस अंशांहून अधिक कोनात आदळणारा किरण बाहेर न जाता परावर्तित होतो. खालच्या पैलूंचे कोन नेमके साधले तर वरून शिरलेला प्रकाश दोनदा उसळून पुन्हा वरच्याच बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. हे गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबात खालच्या पैलूंचा कोन ४०.७५ अंश, वरच्यांचा ३४.५ अंश आणि माथ्यावरचा सपाट भाग हिऱ्याच्या व्यासाच्या ५३ टक्के होता. आजचा गोल ‘ब्रिलियंट’ याच प्रमाणांचा वंशज आहे. त्याला वर ३३ व खाली २४ असे ५७ पैलू असतात. तळाचे टोक सपाट केल्यास ५८. सुरतेच्या कारखान्यांत वरच्या भागाला ‘मथाळा’ आणि खालच्याला ‘तळिया’ म्हणतात. तळिया उथळ झाली तर प्रकाश खालून निसटतो आणि हिरा काचेसारखा पोकळ दिसतो. फार खोल झाली तर मध्यभागी काळोख साचतो. खोल हिऱ्यात आणखी एक खोट असते. वजन पोटात दडते आणि वरून दिसणारा व्यास लहान राहतो. नीट घडलेला एक कॅरटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच वजनाचा हिरा ६ मिलिमीटरचा भरत असेल, तर न दिसणाऱ्या दगडाचे पैसे द्यावे लागतात.

कोहिनूर या दोन दृष्टींच्या मधोमध सापडला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तो लोकांना निस्तेज वाटला, म्हणून पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅमच्या कारागिरांकडून त्याला नवा लंबगोल घाट देण्यात आला. १८६ कॅरटांचे १०५.६ उरले, आणि मोगल काळातला घाट कायमचा नाहीसा झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते ही किंमत जरा जास्तच होती.

उरलेल्या आकारांपैकी बहुतेक ब्रिलियंटचीच रूपांतरे आहेत. लंबगोल ‘ओव्हल’, दोन्ही टोकांना निमुळता ‘मार्कीज’, थेंबासारखा ‘पेअर’ हे त्याच वजनाच्या गोल हिऱ्यापेक्षा बोटावर मोठे भासतात. मात्र तिघांच्याही मध्यभागी फुलपाखराच्या पंखांसारखी काळी सावली पडू शकते, ती हिरा हलवून डोळ्यांनीच पाहावी लागते. टोके नाजूक असल्याने मार्कीज, पेअर आणि चौरस ‘प्रिन्सेस’ यांना टोके झाकणारे कोंदण हवे. १९८० च्या सुमारास रूढ झालेला प्रिन्सेस कारखानदाराला प्रिय आहे. गोल घाटात कच्च्या दगडाचा साधारण निम्मा भाग वाया जातो, तर अष्टफलकाच्या चौकोनी तळाशी जुळणाऱ्या प्रिन्सेसमध्ये पुष्कळ अधिक भाग वाचतो. प्रिन्सेस गोलापेक्षा स्वस्त मिळतो, त्याचे एक कारण हे.

गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनी आकाराला ‘कुशन’ म्हणतात. बडोद्याच्या गायकवाडांकडे असलेला, मूळचा ब्राझीलचा १२८.४८ कॅरटांचा ‘स्टार ऑफ द साउथ’ या आकाराचा. हैदराबादच्या निजामांचा १८४.७५ कॅरटांचा जेकब हिराही याच कुळातला. मीर उस्मान अली खान तो कागदांवर वजन म्हणून ठेवीत. तो १९९५ पासून भारत सरकारच्या मालकीचा आहे आणि सालारजंग संग्रहालयातील प्रदर्शनांत हैदराबादकरांनी तो पाहिला आहे.

एमराल्ड आणि त्याचा चौरस भाऊ ‘ॲशर’ यांची जात निराळी. त्यांत त्रिकोणी पैलूंऐवजी पायऱ्यांसारखे लांब पट्टे असतात. चमक कमी, पण आरशांच्या दालनासारखी खोली दिसते. ही मोकळीक दोषही उघडे करते. जो डाग गोल ब्रिलियंटच्या लखलखाटात लपून जाईल, तो एमराल्डमध्ये खिडकीतून दिसावा तसा दिसतो. म्हणून या घाटाला शुद्ध दगडच लागतो. नासकसाठी तो निवडला गेला, यात नवल नाही.

खरेदी करताना प्रमाणपत्रावरील घडणीची प्रत पाहावी. अमेरिकेची जीआयए ही संस्था २००६ पासून गोल ब्रिलियंटला अशी प्रत देते. इतर आकारांच्या नेहमीच्या प्रमाणपत्रावर झिलई आणि समतोल यांचीच नोंद असते. तिथे लिहिलेला ‘उत्कृष्ट’ हा शेरा घडणीचा समजू नये. अशा हिऱ्यांची परीक्षा दुकानाच्या प्रखर दिव्यांपासून दूर, खिडकीच्या उजेडातच होते.

घरातल्या जुन्या कुड्या, हार किंवा अंगठ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्यांतले पोलकी, परब किंवा रोझ कट हिरे मोडीत देताना ‘जुन्या घाटाचे’ म्हणून फार कमी धरले जातात, किंवा नव्याने पैलू पाडून देण्याचा प्रस्ताव पुढे येतो. अशा वेळी नव्या घाटात अंदाजे किती कॅरट उरतील हे आधी लेखी मागावे. एका कॅरटचे वजन अवघे ०.२ ग्रॅम, चपट्या दगडात ब्रिलियंटला लागणारी खोलीच नसते, त्यामुळे हाती हिरकण्यांखेरीज फारसे काही उरत नाही. जुन्या घाटांना आता स्वतंत्र ग्राहक आहे, तेव्हा मोडण्यापूर्वी जुन्या रत्नांची पारख असलेल्या दुसऱ्या जाणकाराला दागिना तसाच दाखवावा. आणि बंद कोंदणाचा दागिना साबणाच्या पाण्यात बुडवून धुऊ नये. पाणी मागे शिरले की डांक काळवंडते, आणि हिरा शाबूत असूनही त्याचे तेज जाते.